स्पीकर म्हातारा होतो तो कापडाकडून: जुन्या स्पीकरची निगा आणि दुरुस्ती

सोलापुरात आमच्या गल्लीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. टॉवेल निघतात. मागांच्या खडखडाटात गाणी ऐकू यायची तर स्पीकर दणकटच लागतो, म्हणून तिथल्या मामांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी आठ इंची वूफरची, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरची, जोडी भिंतीवर टांगली होती. गेल्या उन्हाळ्यात त्यातला एक बॉक्स काखेत मारून ते दारात उभे. "आवाज फाटतोय बघा. भंगारात देऊ का?" जाळी काढून मी कोनच्या, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्याच्या, कडेला बोट लावलं, तर फोम कडक भाकरीसारखा मोडून हातात आला. कॉइल शाबूत, मॅग्नेट शाबूत, कोनला साधा डाग नाही. गेली होती ती फक्त कड.

बहुतेक जुन्या स्पीकरची हीच गत असते. मॅग्नेट आणि तांब्याची कॉइल माणसाच्या आयुष्याला पुरते. म्हातारं होतं ते मऊ सामान: कडेचा फोम किंवा रबर, आतलं सुती कापड, लवचिक तारा, डिंक. सोलापूरकराला यात घाबरण्यासारखं काही नाही. खळ म्हणजे काय, जर म्हणजे काय, रुई कुठे कुठे शिरते हे ज्याला माहीत आहे, त्याला अर्धा स्पीकर आधीच कळलेला असतो.

आत काय असतं

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला मागे मॅग्नेट चिकटवलेलं असतं. मॅग्नेटच्या मधोमध एक लोखंडी खांब आणि त्याच्याभोवती गोल फट. त्या फटीत व्हॉइस कॉइल तरंगते. दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिलिमीटरपेक्षाही कमी. कॉइल कोनला जोडलेली, आणि कोन दोन ठिकाणी टांगलेला: बाहेरच्या परिघाला सराउंड, म्हणजे आपली कड, आणि आत कॉइलच्या मानेपाशी स्पायडर, म्हणजे ती पिवळसर-तपकिरी, वलयावलयांची चकती. ही रचना मुळात चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली मांडली. शंभर वर्षांत साहित्य बदललं, टांगण्याची तऱ्हा तीच राहिली.

स्पायडर म्हणजे खळ दिलेलं सुती कापड, दुसरं काही नाही. फक्त ही खळ साबुदाण्याची किंवा मक्याच्या पिठाची नसते. बेकलाइटच्या जातीचं फिनॉलिक रेझिन कापडात मुरवून, गरम साच्यात दाबून त्याला वळ्या पाडतात. कोनला मधोमध धरून ठेवणं आणि ढकलल्यावर परत जागेवर आणणं हे त्याचं काम. वर्षानुवर्षं हलून ही खळ वळ्यांच्या कण्यावर भेगाळते आणि कापड लुळं पडतं. धुतलेल्या कापडाला पुन्हा खळ देता येते, स्पायडरला देता येत नाही. वरून वार्निश किंवा डिंक लावून तो कडक करणारे कारागीर मी पाहिलेत. असा स्पायडर एका बाजूला ताठ, दुसऱ्या बाजूला सैल होतो आणि कॉइल तिरकी चालायला लागते.

उघडण्याआधीची तपासणी

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसती बोटं आणि कान वापरा.

पहिलं काम, दोष स्पीकरचाच आहे ना याची खात्री. डावा-उजवा बॉक्स ॲम्प्लिफायरला अदलाबदल करून जोडा. फाटका आवाज बॉक्सबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर स्पीकर दोषी. त्याच बाजूला राहिला तर ॲम्प्लिफायर, वायर किंवा पिना बघा. ही साधी गोष्ट न करता चांगले स्पीकर उघडून बसलेली माणसं मला माहीत आहेत. त्यात मीही आलो.

मग जाळी काढा. कडेवरून बोट अगदी हलकं फिरवा. फोम असेल तर तो बोटाला चिकटतो का, भुगा होतो का बघा. रबर असेल तर ताठ झालंय का, चिरा पडल्यात का. पीए म्हणजे सभा-समारंभातल्या स्पीकरची कड बहुधा वळ्यावळ्यांच्या कापडाची असते आणि तिच्यावर चिकट लेप असतो. तो लेप मुद्दाम दिलेला असतो, मळ समजून पुसू नका. जुन्या रेडिओत कड वेगळी नसतेच, कोनच्याच कागदाला परिघावर वळ्या असतात.

आता दोन्ही हातांची चार-सहा बोटं कोनवर मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवा आणि कोन सरळ आत दाबा, दोन-तीन मिलिमीटर. टोपीवर दाब देऊ नका, ती दबते. कान जवळ न्या. कोन गुपचूप आत जाऊन परत आला तर उत्तम. आतून वाळूवर कागद घासल्यासारखं ऐकू आलं तर कॉइल घासते आहे. मात्र एकाच बाजूने दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दाब सगळीकडून सारखा हवा. दाबताना एक चाचणी फुकटात होते: बंद, भोक नसलेल्या बॉक्समध्ये कोन सोडल्यावर जरा सावकाश परत यायला हवा. एडगर व्हिल्चरने 1954 मध्ये बंद बॉक्सची जी पद्धत आणली तिच्यात स्प्रिंगचं बरंचसं काम आतली हवा करते आणि कड मुद्दाम सैल ठेवलेली असते. त्यामुळे अशा बॉक्समध्ये कडेला बारीक भोक पडलं तरी बास पातळ होतो, आणि माणूस बिचारा ॲम्प्लिफायरचा बास वाढवत बसतो.

मल्टिमीटर ओहमवर लावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, 4 ओहमचा तीन ते पावणेचार. ही डीसी मोजणी असल्यामुळे आकडा छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तार तुटली. मीटर लावलेला असताना कोन हळूच आत-बाहेर करा. आकडा उड्या मारत असेल तर लवचिक तारेवर संशय घ्या.

शेवटी मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, ॲम्प्लिफायर हलक्या आवाजावर ठेवा आणि वूफरला 20 पासून 200 हर्ट्झपर्यंत सावकाश न्या. शुद्ध सूर मध्येच कुठे गुरगुरला, खडखडला की तो आकडा लिहून ठेवा. गाण्यात लपणारा दोष सुरात लपत नाही. खडखड कधी कधी बॉक्सच्या सैल स्क्रूची किंवा जाळीचीच असते, तीही इथे पकडली जाते.

ज्याच्याकडे मिलिव्होल्टमध्ये एसी मोजणारा मीटर आहे त्याने आणखी एक करावं. स्पीकर मोकळा घ्या आणि ॲम्प्लिफायरच्या वायरीत 1000 ओहमचा रोधक टाकून जोडा. स्पीकरच्या दोन टोकांवर मीटर लावून सूर खालून वर न्या. एका आकड्यापाशी व्होल्टेज चढतं आणि पुढे उतरतं. तो स्पीकरचा नैसर्गिक स्वर. कड ताठरली की तो वर सरकतो, स्पायडर लुळा पडला की खाली येतो. एकट्या आकड्याला अर्थ नाही, पण जोडीतल्या दोघांत पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर एकाचं काहीतरी बिघडलं आहे हे नक्की.

बॉक्समधून काढणं

स्पीकर जितके रोगाने मरतात तितकेच स्क्रू-ड्रायव्हरनेही मरत असतील. मॅग्नेट स्क्रू-ड्रायव्हरला खेचतं, हात सटकतो आणि कोनला भोक पडतं. म्हणून आधी कोनवर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवा. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने सैल करा. वर्षानुवर्षं दाबलेलं गॅस्केट, म्हणजे स्पीकर आणि बॉक्समधली पट्टी, चिकटलेलं असतं, तेव्हा स्पीकर कडेने उचकटू नका. दुसऱ्या बाजूचा स्पीकर किंवा मागचा पॅनेल काढता आला तर आतून हलकेच ढकला. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि सांगाड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलने बाण करा. हा बाण पुढे उपयोगी येतो.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर प्लग काढूनच हात घाला, तिथे जीवघेणं व्होल्टेज असतं. असा सेट स्पीकर जोडल्याशिवाय चालूही करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

टेबल लाकडी आणि स्वच्छ हवं. लेथच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात स्पीकर उघडणं म्हणजे लोखंडाच्या किसाला घरी जेवायला बोलावणं. मॅग्नेटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. किस चिकटला तर पिशवी काढताना त्याच्याबरोबर निघून जातो.

धूळ आणि रुई

सोलापुरात पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे कोकणासारखी बुरशी आपल्याकडे कमी. पण फुफाटा आहे आणि शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, त्यावर रुईची भर. कारखान्यातल्या मामांच्या स्पीकरवर कोनच दिसत नव्हता, करड्या बनियनचं कापड पांघरल्यासारखा थर होता. हा थर हलणाऱ्या कोनचं वजन वाढवतो आणि स्पायडरच्या वळ्यांत साचला तर त्या नीट उलगडत नाहीत.

रंगकामाचा मऊ रुंद ब्रश घ्या आणि कोन मधून बाहेरच्या दिशेने झाडा. स्पायडरसाठी पाण्याच्या रंगांचा गोल ब्रश, तोही सांगाड्याच्या खिडक्यांतून. अडकलेले धागे चिमट्याने एकेक उचला. ओढून काढू नका, एखादा धागा स्पायडरचाच निघतो. व्हॅक्यूम क्लीनर टोपी बाहेर खेचतो. आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर? आमच्या शेजारच्या एका पोराने "लई धूळ होती काका" म्हणत तो वापरला. टोपी आत गेली, स्पायडर डिंकापासून सुटला आणि रुई होती ती कॉइलच्या फटीत जाऊन बसली. झाडण्याचं काम दहा मिनिटांचं होतं, पुढची दुरुस्ती दोन दिवस चालली.

दबलेली टोपी चिकटपट्टी लावून हळूच ओढली की बहुधा बाहेर येते. न आल्यास टोक वाकवलेली सुई टोपीच्या बाजूला खुपसून उचला आणि भोकावर डिंकाचा ठिपका ठेवा. आवाजात फरक पडत नाही, फक्त बघायला बरं वाटत नाही.

फोमची कड बदलणं

फोमची कड न वाजवताही सडते. हवेतला दमटपणा, उष्णता आणि ऊन पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडत राहतात. साधारण दहा ते वीस वर्षं हे त्याचं आयुष्य. कपाटात जपून ठेवलेला स्पीकरही यातून सुटत नाही, म्हणून जुना फोमवाला स्पीकर विकत घेताना "वापरलाच नाही" या वाक्याला भाळू नका. एकाची कड गेली की दुसऱ्याचीही बदला. दोघांच्या वयात वीस वर्षांचा फरक पडला की आवाजात तो दिसतोच.

मापं चार घ्या: कोनचा बाहेरचा व्यास, सांगाड्यावर जिथे कड चिकटते त्या पट्टीचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि कडेच्या फुगीर भागाची रुंदी. "आठ इंची" एवढं सांगून मागवलेली कड दोनदा चुकीची येते, हे अनुभवाने सांगतो. दुकानात बहुधा कोन, स्पायडर, कॉइल असं पूर्ण रिकोन किट पुढे करतात. सुटी कड ऑनलाइन मिळते. कॉइल चांगली असेल तर रिकोन करू नका, कंपनीच्या कोनचा आवाज नव्या कोनात येत नाही.

जुना फोम बोटानेच निघतो. खाली राहिलेला डिंक आइस्क्रीमच्या काडीने खरवडा. हट्टी भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बोळा जेमतेम ओला करून फिरवा. कागदी कोन भिजवायचा नाही. थिनर आणि ॲसिटोन बाजूला ठेवा, ते कोनचा रंग आणि कॉइलपाशी गेले तर तिथला डिंक विरघळवतात. सांगाड्यावरची बाहेरची गॅस्केट पट्टी जपून काढली तर पुन्हा लावता येते. या खरवडण्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि यातच कंटाळा करून चालत नाही. डिंकाचा उंचवटा राहिला तर नवी कड तिरकी बसते.

डिंकाबद्दल कारागिरांत मतभेद आहेत. माझं मत असं: कागदी कोन आणि फोम असेल तर पाण्यातला पांढरा डिंक बरा, कारण तो वाळेपर्यंत कड सरकवता येते. रबरी पिवळसर कॉन्टॅक्ट डिंक एकदा चिकटला की चिकटला. माझी पहिली कड मी त्यानेच लावली, ती अर्धा मिलिमीटर सरकली आणि तेवढ्याने कॉइल घासायला लागली. पुन्हा सगळं फाडावं लागलं. मात्र पॉलिप्रॉपिलीनच्या प्लॅस्टिक कोनला पांढरा डिंक धरत नाही, तिथे कड विकणाऱ्याने सांगितलेलाच डिंक घ्या. गाडीतल्या स्पीकरलाही पांढरा डिंक नको, बंद गाडीच्या उष्णतेत तो मऊ पडतो. आणखी एक स्थानिक सल्ला: एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सातला सुरू करा. दुपारच्या कोरड्या झळीत, पंख्याखाली, पांढरा डिंक हात फिरेपर्यंत वाळतो.

आधी कड कोनला. जुनी कड कोनच्या वरून होती की खालून ते बघून ठेवलेलं असेलच, तशीच लावा. बारीक ब्रशने दोन्हीकडे पातळ थर द्या, कड ठेवा, परिघावर सगळीकडे सारखी दिसते का बघत बोटाने दाबा. हे पूर्ण वाळू द्या, निदान चार-पाच तास. दोन्ही कडा एकाच वेळी चिकटवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

मग येतं मुख्य काम: कोन मधोमध आणणं. याच्या दोन पद्धती.

टोपी कापायची तयारी असेल तर ती परिघावर धारदार ब्लेडने कापा. आत लोखंडी खांब आणि कॉइलची नळी दिसेल. दोघांच्या मधल्या फटीत चार पट्ट्या, घड्याळातल्या 12, 3, 6, 9 च्या जागी, सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या यासाठी उत्तम. घट्ट बसल्या पाहिजेत, पण ठोकाव्या लागता कामा नयेत. फिल्म पातळ पडली तर जाड व्हिजिटिंग कार्ड बघा. आता कोन हलू शकत नाही. कड सांगाड्याला डिंकाने लावा, वरून कपड्यांचे चिमटे लावा, चोवीस तासांनी पट्ट्या काढा. नवी टोपी शेवटी. ही पद्धत खात्रीची. नवशिक्याने हीच धरावी.

टोपी वाचवायची असेल तर सुराची पद्धत. कड सांगाड्यावर डिंकाने टेकवा आणि लगेच 30 हर्ट्झचा सूर इतका द्या की कोन दोन-तीन मिलिमीटर हलताना डोळ्यांना दिसेल. घासल्याचा आवाज आला तर कड त्या बाजूने बोटाने थोडी सरकवा. स्वच्छ झाला की चिमटे लावा. डिंक धरेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा ऐका, कारण वाळताना कड ओढली जाते. चिमटे लावल्यावरही एकदा कोन बोटांनी दाबून बघा. मामांचा पहिला स्पीकर मी असाच केला. ते शेजारी बसून कान देत होते. माग चालवून चालवून त्यांना खडखडाटातही चुकीची खट्ट ऐकू येते. माझ्या आधी म्हणाले, "मामा, डावीकडं घासतंय." ते मला मामा म्हणतात, मी त्यांना. सोलापुरात चालतं.

पहिले काही तास हलक्या आवाजात वाजवा. नवी कड आणि जुना स्पायडर एकमेकांना सरावतात.

रबर आणि कापडाच्या कडा

रबराला ओलसर फडक्याशिवाय काही नको. खोबरेल तेल, व्हॅसलिन, ग्रीस यांनी रबर चार दिवस चमकतं, मग फुगतं आणि कडेचा डिंक सुटतो. रबर नुसतं कोनपासून सुटलं असेल तर परत चिकटवा. चिरा पडल्या असतील तर फोमसारखीच बदला.

कापडी कडेला उजेडासमोर धरून भोकं शोधा. मलमलचा तुकडा आणि लवचिक डिंकाचा अगदी पातळ हात पुरतो. ठिगळ भोकापेक्षा थोडंच मोठं ठेवा, जाड डिंकाने तो भाग ताठ होतो. लेप कडक झालेल्या कडांवर गाडीचं ब्रेक ऑइल लावण्याचा तोडगा जगभर सांगितला जातो. त्याने कड मऊ होते हे खरं. पण ते तेल पसरत राहतं, रंग खातं, डिंकात शिरतं. मी लावत नाही.

कागदी वळ्या फाटल्या असतील तर टिश्यू पेपरचा एक पदर आणि पाणी मिसळलेला पांढरा डिंक. त्यावर पुन्हा पदर चढवायचा नाही.

स्पायडर

पट्टी सांगाड्यावर आडवी ठेवा आणि कोनपर्यंतचं अंतर दोन-तीन ठिकाणी मोजा. जोडीतल्या दुसऱ्याशी ताडून बघा. बारा-पंधरा इंची जड कोन वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिला की स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. आकाशाकडे किंवा जमिनीकडे तोंड असलेल्या सबवूफरमध्ये आणि गाडीच्या मागच्या काचेखालच्या ट्रेवर हे लवकर होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत साठ अंशांच्या वर तापमान जातं, आणि आपल्याकडे सावली शोधून गाडी लावणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग.

झुकणं सुरुवातीचं असेल तर उपाय बिनखर्चाचा: स्पीकर सोडवून अर्धा फेरा फिरवून बसवा. मघाचा बाण आता खाली आला पाहिजे. आडव्या बसवलेल्या स्पीकरला हा उपाय लागू नाही, त्याचं तोंडच बदलावं लागतं. मोठ्या वूफरला मी दोन वर्षांतून एकदा फिरवतो.

स्पायडर सांगाड्यापासून सुटला असेल, म्हणजे कोन दाबल्यावर फटफट वाजत असेल, तर टोपी कापून पट्ट्या घाला आणि मगच सुटलेली कड चिकटवा. पट्ट्यांशिवाय चिकटवलेला स्पायडर सरळ बसत नाही. लुळा पडलेल्या स्पायडरला रिकोनशिवाय इलाज नाही. छोटा स्वस्त स्पीकर असेल तर नवाच घ्या. दणकट ओतीव सांगाड्याचा, चांगल्या मॅग्नेटचा असेल तर जाणत्या कारागिराकडून रिकोन करून घेणं परवडतं.

जरीच्या तारा

टर्मिनलपासून कोनकडे जाणाऱ्या दोन वेणीसारख्या तारा नीट बघा. सुताच्या धाग्यावर तांब्याची अतिबारीक पट्टी गुंडाळलेली असते, जर बनते तशीच. म्हणूनच ती लाखो वेळा वाकूनही टिकते. तुटते ती बहुधा टर्मिनलपाशी किंवा कोनमध्ये शिरते तिथे. वरून धागा सलग दिसतो, आत तांबं तुटलेलं असतं, आणि आवाज कधी येतो कधी जातो.

टोकाशी तुटली आणि लांबी पुरेशी असेल तर पुन्हा डाख द्या. 25 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, कमी शिसं, झटपट काम. जास्त वेळ तापवलं तर शिसं वेणीत चढतं, तितका भाग कडक होतो आणि त्याच्या शेवटाशी तार पुन्हा तुटते. पूर्ण बदलायची तर स्पीकरचीच तार मिळवा. साधी बहुतारी वायर लावली की ती महिनाभरात तुटते, त्याआधी कोनवर आपटून वाजते. लांबीत थोडी ढील ठेवा: कोन पूर्ण बाहेर आला तरी तार ताणली जाऊ नये आणि आत गेला तर कोनला टेकू नये.

काम झाल्यावर दीड व्होल्टच्या सेलने वूफरचं धन-ऋण तपासा. सेलचं धन टोक लाल खुणेच्या टर्मिनलला क्षणभर टेकवलं की बहुतेक स्पीकरचा कोन बाहेर उडी मारतो. जोडीतले दोन्ही एकाच दिशेने हलले नाहीत तर बास एकमेकांना खाऊन टाकतो. ट्विटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, हा प्रयोग करू नका.

कॉइल घासत असेल तर

कारणं चार. कड किंवा स्पायडर सरकला, तर वरचेच उपाय. फटीत कचरा गेला, तर टोपी कापून जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळा आणि फटीतून फिरवा, लोखंडाचा किस तिला चिकटून येतो. ओव्हरलोडने कॉइलची नळी फुगली किंवा वेढे सुटले असतील तर जळका वास येतोच, तिथे रिकोन. आणि स्पीकर पडल्याने मॅग्नेटच सांगाड्यावरून सरकलं असेल तर हात लावू नका. मॅग्नेट सुटं करून परत मधोमध बसवायला साचा लागतो. जुन्या अल्निको मॅग्नेटचं तर जोडणीतून सुटं करताच चुंबकत्व बरंचसं जातं, परत बसवलं तरी येत नाही.

रोजची निगा

गणपतीत, जयंतीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मंडळांचे स्पीकर दिवसभर तापतात. घरच्या स्पीकरलाही लग्नकार्यात कुणीतरी शेवटपर्यंत फिरवतं. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर गेला की लाटांची डोकी छाटली जातात, आणि सगळ्यात आधी ट्विटर जातो, मग वूफरची कॉइल. आवाज कर्कश वाटला की बटण मागे घ्या, बास वाढवू नका.

बॉक्सच्या हवेच्या भोकात पाल राहते, कुंभारीण माशी मातीचं घर करते. भोकाच्या आतल्या तोंडाला विरळ जाळी लावा. कागदी कोन कसर खाते, म्हणून वर्षातून एकदा तरी जाळी काढून बघा. उन्हाची तिरीप कडेवर पडेल अशा खिडकीसमोर बॉक्स नको. साठवायचा तर उभा, भिंतीवर असतो तसा, पालथा किंवा उताणा नाही.

मामांच्या दोन्ही बॉक्सवर आता विरळ सुती कापडाची खोळ आहे. आधी त्यांनी कारखान्यातला टॉवेल शिवून घातला होता आणि वरचा आवाज पार गेला. टॉवेलचे वेढे आवाज पितात. मलमल चालते. खोळ दर रविवारी झटकायची, मॅग्नेटवर पेन्सिलने कड बदलल्याची तारीख आहे, आणि पुढच्या खेपेला गड्डा संपला की दोन्ही वूफर अर्धा फेरा फिरवायचे ठरलंय.